तीन फुटांत मावणारं झुडूप

गेल्या अंकात कुंडीतल्या लिंबाबद्दल लिहिताना मी ओघात म्हणून गेले, की लहान जागेत मोठी झाडं कोंबण्यापेक्षा दोन बुटकी सदाहरित झुडपं लावा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. ‘वर्षभर हिरवं, वर्षभर फुललेलं, ऊन नको, पाणी कमी, कचरा नको’ असं झाड मागणाऱ्या तिघांना मात्र उत्तर दिलेलं नाही. असं झाड माझ्या रोपवाटिकेत कधी आलं नाही. आलं असतं तर मी ते विकलं नसतं.

पुणे

काकू, आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे. पूर्वेच्या भिंतीलगत ११ फूट लांब आणि ३ फूट रुंद एवढीच माती वाट्याला आली आहे. काही वर्षांपूर्वी ‘हे असंच गोल राहतं’ असं सांगून एकाने फायकसची चार रोपं दिली. आता ती खिडकीच्या वर गेली आहेत, दर महिन्याला कापावी लागतात, आणि परवा प्लंबरने ड्रेनेजच्या चेंबरमधून मुळांचा झुबका बाहेर काढला. यांच्या जागी काय लावू?

उत्तर : गोल राहतं हे खरं आहे, कात्री चालू असेपर्यंत. नर्सरीत फायकसचे जे गोळे, छत्र्या आणि वेण्या दिसतात, तो बहुधा आपला नांदरुक असतो किंवा त्याचा भाऊबंद. नांदरुक म्हणजे वडाच्या गोतातला वृक्ष. मोकळं रान मिळालं तर चाळीस-पन्नास फूट सहज जातो. वरचा पसारा तुम्ही कात्रीने आवरता, पण खाली मुळं मोकळीच. ती पाण्याच्या मागावर जातात आणि चेंबरचा सांधा जरा उघडा मिळाला की आत शिरतात. कुंडीत फायकस हवा तेवढा ठेवा. इमारतीलगतच्या जमिनीत एकही नको.

काढायचा तर मुळासकट काढा. नुसता बुंध्याशी कापला तर पुन्हा फुटतो. आणि हात लावण्याआधी सोसायटीला सांगून महापालिकेच्या उद्यान विभागात चौकशी करा. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड आपणच लावलेलं असलं तरी लागते.

मग माती. इमारतीच्या पायथ्याची माती बहुतेक वेळा माती नसतेच. फावडं मारलं की विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, सिमेंटचे गोळे हाती लागतात. या राडारोड्यातला चुना वर्षानुवर्षं मातीत उतरत राहतो आणि झाडाची पानं पिवळी पडतात. तेव्हा दीड फूट खोल उकरा, राडा बाहेर काढा. पोयटा माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत दोनास एक या प्रमाणात भरा, वर दोन मुठी निंबोळी पेंड. मातीची पातळी भिंतीच्या ओलरोधक थरापेक्षा खाली राहू द्या. नाहीतर झाडं जगतील आणि हॉलच्या भिंतीला पोपडे येतील.

आता तुमचा खरा प्रश्न. झाड लहान ठेवायचं नसतं, लहान राहणारं आणायचं असतं. रोप विकत घेताना माणूस त्याची आजची उंची बघतो. मी विचारते की पाच वर्षांनी हे किती रुंद होईल. तुमचा पट्टा तीन फुटांचा, म्हणजे अडीच फुटांपेक्षा जास्त पसरणारं काहीही तिथे रडणार. अडीच फूट पसरणारं झुडूप भिंतीपासून सव्वा ते दीड फुटावर लावायचं, दोन रोपांत सव्वादोन फूट अंतर. ११ फुटांत पाच रोपं झाली, बास. पहिलं वर्ष मधली माती उघडी दिसेल आणि शेजारच्या काकू ‘एवढीच का?’ विचारतील. त्यांना चहा द्या. दुसऱ्या पावसाळ्यात फांद्या एकमेकींना टेकतात.

पूर्वेचं ऊन म्हणजे सकाळचे चार तास, ते पुरतं. माझी पहिली पसंती बुटक्या कामिनीला, म्हणजे कुंतीच्या लहान पानांच्या जातीला. साधी कुंती दहा-बारा फूट जाते, ही तीन-चार फुटांत थांबते. पाऊस पडून उघडीप झाली की एका रात्रीत पांढरी होते आणि तिचा वास खिडकीतून आत येतो. दुसरी पसंती मालपिघियाला. काटेरी कडांची, चकचकीत, नखाएवढी पानं, फिकट गुलाबी झालरीची फुलं. वाढायला आळशी, आणि इथे आळसच हवा आहे. तिसरी बुटकी कॅरिसा, आपल्या करवंदाची आफ्रिकेतली बहीण. फूल पांढरं चांदणीसारखं, वाढ जमिनीलगत. तिला काटे असतात, त्यामुळे खिडकीखाली ती राखणही करते. तिन्हींची खिचडी करू नका. अकरा फुटांत एकच जात लावली की ती बाग दिसते, तीन लावल्या की नर्सरीचा कोपरा.

गोल्डन ड्युरांटा सगळे सुचवतील. स्वस्त आहे, जगतो. पण पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी कात्री, आणि सकाळचंच ऊन असलं तर त्याचं सोनं हिरवं पडतं. तुम्ही एकदा फायकसची हजामत करून कंटाळला आहात.

छत्रपती संभाजीनगर

मावशी, मिनी एक्झोराच्या सहा कुंड्या आहेत. घेतल्या तेव्हा गर्द हिरव्या होत्या. आता नवी पानं पिवळी येतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. शेणखत घातलं, युरिया घातला, चहाचा चोथा घातला. पाणी बोअरचं आहे.

उत्तर : शेवटचं वाक्य पहिलं लिहायला हवं होतं. रोग तिथेच आहे.

पिवळेपणा कुठून सुरू होतो ते आधी बघायचं. जुनी, खालची पानं सबंध पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्याच पानांत शिरांमधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम कमी. आणि तुमच्यासारखं शेंड्याचं कोवळं पान पिवळं, त्यावर हिरव्या शिरांची जाळी, म्हणजे लोह कमी. लोह झाडात जुन्या पानातून नव्या पानात सरकत नाही, म्हणून उपासमार शेंड्याला दिसते. युरिया कितीही घातला तरी ही जाळी जाणार नाही.

गंमत अशी की तुमच्या मातीत लोह भरपूर असेल. पण आपली काळी माती बसाल्टची, तिच्यात चुनखडी. बोअरच्या पाण्यात आणखी क्षार. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. एक्झोरा म्हणजे कोकणातली पेंटगूळ किंवा तिची जातवाली. ती वाढली जांभ्यावर, आम्ल मातीत, अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात. तिकडे पाणंदीच्या कडेला कोणी न विचारता ती लालभडक फुललेली असते. तिला मराठवाड्याच्या बोअरवर ठेवलंत तर ती कुरकुर करणारच.

करायचं काय, तर सगळ्यात आधी कुंडीच्या कडेला आलेला पांढरा थर आणि वरची दोन इंच माती खरवडून टाका. कृषी दुकानात चिलेटेड आयर्न मागा, म्हणजे झाडाला उचलता येईल असं बांधलेलं लोह, पण पाकीट वाचून घ्या. त्यात दोन प्रकार येतात. ‘ईडीटीए’वालं लोह अल्कधर्मी मातीत टिकत नाही; ते पानांवर फवारायला ठीक. मातीत द्यायचं तर ‘ईडीडीएचए’वालं हवं, ते आपल्या चुनखडीच्या मातीतही टिकून राहतं. ते महाग आहे आणि गडद तांबडं असतं, फरशीवर सांडू नका. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. तातडीचा उपाय म्हणून एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चार-पाच थेंब लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा. पिवळी पानं थोडी सुधारतील. खरी परीक्षा त्यानंतर येणाऱ्या नव्या पानांची.

आणि पावसाळ्यात सहाही कुंड्या आभाळाखाली ठेवा. पागोळीखाली घमेलं ठेवून पाणी साठवलंत तर आणखी उत्तम. पावसाचं पाणी साठलेले क्षार धुऊन नेतं. ते काम कुठलीही पुडी करत नाही. कुंडीच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना, ते मात्र बघा. भोक बुजलेलं असेल तर क्षार जाणार कुठे?

चहाचा चोथा कुजवून खतात घाला. साखरेसकट थेट कुंडीत टाकलात तर मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या मागून मिलीबग, म्हणजे पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड. बरेच जण हे उलटं समजतात. मुंग्या मिलीबग खात नाहीत, त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी त्यांची राखण करतात.

हा सगळा खटाटोप कायमचा आहे, हेही सांगते. तो करायचा नसेल तर एक्झोरा कोकणातल्या पाहुण्यांना द्या आणि बुटकी तगर आणा. पांढऱ्या कडेच्या पानांची तगर मिळते, दोन-अडीच फुटांची. काळ्या मातीत आणि जड पाण्यात ती बिनतक्रार राहते. कण्हेरही राहते, तिच्याबद्दल पुढे एका पत्रात.

मुलुंड

नववा मजला, उत्तरेची बाल्कनी, ऊन येतच नाही. मी नोकरी करते, वय सत्तावीस. हिरवंगार झुडूप हवंय, मनी प्लांट नको. ताई, काही आशा आहे का?

उत्तर : आशा आहे. आणि ऊन अजिबातच येत नाही असंही नाही, तू घरी नसतेस तेव्हा येतं. मार्च अखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन उत्तरेच्या कठड्यावर पडतं, समोर इमारत नसेल तर. मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी दुपारी सावली पायाखाली सापडते. तिथून जुलै अखेरपर्यंत तो दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. पण जूनमध्ये ढग येतात, म्हणजे तुझ्या बाल्कनीचा खरा उन्हाळा एप्रिल-मे एवढाच. हिवाळाभर नुसता उजेड.

फुलाचा नाद सोड. मोगरा, एक्झोरा, जास्वंद तिथे जगतील, पण लांबट आणि उदास होतील. अरेलिया आण. बारीक कातरलेल्या पानांची किंवा गोल पानांची, दोन्ही सुंदर, आणि उभी वाढत असल्यामुळे जागा कमी खाते. तिच्या शेजारी शेफलेरा, पिवळ्या ठिपक्यांचा. कुंडीत दोघांनाही तीन फुटांवर राखता येतं. वर्षातून दोनदा शेंडे खुडायचे, की खालून फुटवे येतात. अरेलियाची जागा सारखी बदलू नकोस, रुसून पानं टाकते.

नवव्या मजल्यावर ऊन कमी, पण वारा मुबलक असतो. कुंडी बुडाला रुंद घे. बारा इंची पुरते. चौदा इंचीत ओली माती भरली की तीस-चाळीस किलो होते; तुला एकटीला ती हलवता येणार नाही आणि झाडूवालीच्या शिव्या खाशील. कठड्याबाहेर लोखंडी स्टँड लावून कुंडी ठेवायची नाही. खाली माणसं चालतात.

पाणी बोटाने ठरव. पहिलं पेर मातीत घालून ओलं लागलं तर घालायचं नाही. आमच्या रोपवाटिकेतल्या मावशी कुंडी जरा तिरकी करून वजनावरून सांगायच्या, त्यांना बोटही लागायचं नाही. सावलीतली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात.

कोल्हापूर

कुंतीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या झाल्या आहेत. हात लावला तर डोक्यातून लाल शिंगं काढतात आणि घाण वास येतो. फेब्रुवारीत पानंही खूप गळली. कोणतं औषध फवारू?

उत्तर : कोणतंही नाही. या लिंबाच्या कुळावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत. कुंती, कढीपत्ता, लिंबू एकाच कुळातले. लहानपणी विष्ठेसारख्या दिसून पक्ष्यांना चकवतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि दोन-तीन आठवड्यांत कोष करून खाणं थांबवतात. आपलं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी, हेही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. भरल्या अंगाच्या कुंतीला चार-पाच अळ्या म्हणजे फुकटची छाटणी. रोप हातभराचं असेल तरच त्या अळ्या उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडा.

पानगळीचं म्हणाल तर सदाहरित झाडालाही पानं टाकावी लागतात. तुमच्या-आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी यायच्या सुमारास जुनी पानं पिवळी होऊन गळतात. शेंड्याला नवे कोंब असतील तर निवांत राहा. शेंडेच वाळत असतील तर मला पुन्हा लिहा.

नाशिक

ताई, मुलाकडे इंग्लंडला तीन महिने राहून आलो. तिथे प्रत्येक घरापुढे बॉक्सवुडची काय सुरेख गोल झुडपं! इथे बंगल्यापुढे वीस बाय आठ फुटांचं अंगण आहे. बॉक्सवुड ऑनलाइन मिळतं म्हणे. मागवू का?

उत्तर : मागवू नका. बॉक्सवुडला हिवाळ्यात थंडी हवी आणि उन्हाळ्यात पानांवर फार ताप नको. नाशिकची थंडी त्याला कशीबशी चालेल, एप्रिलचा चाळीस अंशांचा पारा आणि त्यामागून येणारा पावसाळा चालणार नाही. पहिलं वर्ष तग धरेल, तुम्ही मुलाला फोटो पाठवाल, मग मुळं कुजायला लागतील.

आणि तिकडचं सगळं छान चाललंय असं समजू नका. पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाने युरोपातल्या बॉक्सवुडचा गेल्या काही वर्षांत फडशा पाडला आहे. इंग्लंडात तो २००७मध्ये पहिल्यांदा दिसला. हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या आत जाळी करून बसतात आणि बाहेरून कळेपर्यंत झुडूप खराटा होतं. शिवाय पानं करपवणारी एक बुरशी आहेच. तिथले बागवालेच आता दुसरी झाडं शोधताहेत.

तुम्हाला हवा आहे तो आकार, तो आपल्याकडेही जमतो. कार्मोना आणा. बोन्सायवाले तिला फुकियन टी म्हणतात. नखापेक्षा लहान गर्द पानं, बारीक पांढरी फुलं, मागून लाल मण्यांसारखी फळं. सावकाश वाढते आणि कात्री मानते. वीस बाय आठमध्ये दारापाशी दोन्ही बाजूंना एकेक गोळा आणि बाकी जागा मोकळी सोडा. गोल झुडूप उठून दिसतं ते भोवतीच्या मोकळ्या जागेमुळे. तुम्ही तिथे पाहिलंत त्यातलं अर्धं सौंदर्य हिरवळीचं होतं, आणि अंगणात हिरवळ लावाल तर नाशिकचं पाणी तिलाच लागेल. मुरूम दाबून वर बारीक खडी टाका.

गुहागर

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात वाऱ्याने सगळ्या झाडांची समुद्राकडची बाजू करपते. कंपाउंडच्या आतून कमरेएवढं हिरवं कुंपण हवं आहे.

उत्तर : वाऱ्याने नाही, त्याने आणलेल्या मिठाने करपते. तिथे शहरी नर्सरीतली नाजूक झाडं आणू नका. कोयनेल लावा, कोणी तिला कडू मेंदी म्हणतात. ती मूळचीच खाडीकाठची, मीठ तिच्या सवयीचं. छाटकलमांनी होते, म्हणजे खर्च शून्य: पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर काड्या जूनमध्ये फूट-फूट अंतरावर खोचा. बकरी तिला सहसा तोंड लावत नाही, हा तुमच्याकडे मोठा फायदा. मात्र ही स्वभावाने बुटकी नाही. कमरेवर ठेवायची तर दोन महिन्यांतून एकदा कापावी लागेल, आणि या एका बाबतीत माझा नियम मी बाजूला ठेवते, कारण तुमच्या जागी स्वभावाने बुटकी असलेली झाडं पहिल्याच पावसाळ्यात करपतील. कोयनेल भिंतीसारखी उभी राहिली की तिच्या आडोशाला पेंटगूळ, अनंत, मोगरा काहीही लावा. तुमची माती तर त्यांच्या माहेरची. वादळी वाऱ्यानंतर दोन दिवस पाऊस पडला नाही तर विहिरीच्या पाण्याने पानं धुवा.

डोंबिवली

अनंताच्या कळ्या पिवळ्या होऊन गळतात. एकही फूल उमलत नाही.

उत्तर : पाणी एक दिवस बादलीभर, तीन दिवस कोरडं, असं होत असणार. अनंताला कळी धरल्यावर ओल सारखी लागते, चिखल नको. एप्रिलच्या दुपारच्या उन्हातून बाजूला घ्या, कळ्यांच्या देठापाशी मिलीबग आहे का बघा, आणि संभाजीनगरच्या पत्रातलं लोहाचं उत्तर वाचा. अनंताची तक्रार तीच असते.

ठाणे

घरात दीड वर्षाचं बाळ आहे आणि कुत्रा. टेरेसवर कोणती झुडपं टाळू?

उत्तर : कण्हेर, पहिल्या क्रमांकाने. पांढरी, गुलाबी, बुटकी, कोणतीही. पान, फूल, काडी, सगळंच विषारी, हृदयावर जातं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तशीच, तिच्या बिया तर फारच वाईट. ड्युरांटाची पिवळी फळं मण्यांसारखी दिसतात, बाळ तोंडात घालणार, तीही विषारी. घाणेरीची कच्ची फळंही नकोत. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना. ही झाडं वाईट नाहीत. रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेरीसारखं दुसरं नाही. पण बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत टेरेसवर कुंती, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, पेंटगूळ ठेवा. पेंटगुळीच्या फुलातला मध चोखतच कोकणातली पोरं मोठी होतात. कुत्रा कुंडी उकरणारा असेल तर त्याच्या वाट्याच्या कुंडीत निंबोळी पेंड किंवा हाडांचा चुरा घालू नका, वासाने आणखी उकरतो.

सातारा

ड्युरांटाचं कुंपण वरून छान दाट आहे, पण खालून काड्याच काड्या. खत घालूनही खाली पानं येत नाहीत. मोरपंखीची दोन झाडं आहेत, तीही आतून तपकिरी झाली आहेत. दोन्ही जूनमध्ये खोल छाटू का?

उत्तर : ड्युरांटा छाटा, मोरपंखी नाही. त्यातला फरक समजून घ्या.

तुमचा माळी कुंपण वर रुंद आणि खाली अरुंद कापत असणार, बहुतेक माळी तसंच कापतात, कारण उभ्याने कात्री चालवताना हात तसाच जातो. वरचा भाग खालच्यावर सावली धरतो आणि खालची पानं उन्हावाचून झडतात. कुंपण परकरासारखं हवं, खाली घेर, वर निमुळतं. फुटाला दीड-दोन इंच उतार पुरतो. दोन खुंट्या आणि सुतळी बांधून द्या माळ्याला, तोंडी सांगून उपयोग नाही. चांगले दोन पाऊस झाले की ड्युरांटा जमिनीपासून फूटभर ठेवून कापून टाका. दिसेल भयंकर. जुन्या लाकडावर त्याला नवे डोळे फुटतात, दसऱ्यापर्यंत भरून येईल. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर या वर्षी आतली बाजू आणि पुढच्या वर्षी बाहेरची. कुंती, तगर, कोयनेल, जास्वंद या सगळ्यांना ही शिक्षा चालते.

मोरपंखीला चालत नाही. तिचा हिरवेपणा बाहेरच्या थरात असतो. आतल्या उघड्या लाकडापर्यंत कापलं तर तिथे सहसा पुन्हा फुटत नाही, भगदाड कायमचं राहतं. तिची आतली पानं थोडी तपकिरी होणं नैसर्गिक आहे, हाताने झटकून काढा म्हणजे वारा खेळेल. बाहेरचे शेंडेही तपकिरी होत असतील तर पांढरा कागद खाली धरून फांदी हलवा. कागदावर ठिपक्याएवढं काही चालताना दिसलं तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो येतो. आठवडाभर रोज सकाळी पाइपने झाड आतून-बाहेरून धुवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर जातो, औषधापर्यंत जावं लागत नाही.

पनवेल

सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपं घ्यायला येणार आहोत. दोनशे रुपयांचं छोटं रोप घ्यावं की बाराशेचं तयार, दाट झुडूप? घरी येऊन महिन्याभरात मरतात, असा आमचा अनुभव.

उत्तर : छोटं. तयार झुडपाची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतात आणि ती तशीच फिरत राहतात. शिवाय कुंडीतली शोभेची झाडं दाट दिसावीत म्हणून काही ठिकाणी वाढ रोखणारं औषध देतात. आंब्याला मोहोर यावा म्हणून घालतात ते ‘कल्टार’ हापूसवाल्यांना सांगायला नको, त्याच जातीचं. त्याचा अंमल उतरला की तुमचं ‘बुटकं’ झाड लांब ढांगा टाकायला लागतं. विक्रेत्याला त्याच जातीचं जुनं, जमिनीत लावलेलं झाड दाखवायला सांगा. चांगल्या रोपवाटिकेत ते असतंच आणि तेच खरं लेबल.

रोप उचलून पिशवीच्या तळाशी बघा. मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसली असतील तर ते रोप नको, उचलताना ती तुटतात. पानांच्या मागची बाजू बघा, पांढरा कापूस नको. फुलांनी भरलेलं घेऊ नका, फांद्यांनी भरलेलं घ्या.

महिन्याभरात मरतात त्याचं कारण पिशवीतला मातीचा गोळा. दूरवरून, अगदी आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून येणारी रोपं प्रवासात सुटू नयेत म्हणून चिकट मातीत बांधलेली असतात. हा गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो. तुम्ही भोवती भुसभुशीत माती घालता, पाणी घालता, पाणी भुसभुशीत मातीतून खाली जातं आणि आतला गोळा कोरडाठाक. वरून ओलं, आत दुष्काळ. म्हणून आणल्यावर आठवडाभर रोप पिशवीतच सावलीत ठेवा. लावायच्या दिवशी पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी कापा, गोळ्याच्या बाहेरची अर्धा-पाऊण इंच माती बोटांनी हलकेच मोकळी करा, फिरलेली मुळं सरळ करा किंवा कापा. जुना मातीचा माथा आणि नवी माती एका पातळीत, बुंधा गाडायचा नाही. पहिले पंधरा दिवस पाणी बुंध्यापाशी, गोळ्यावर घाला, कडेला नाही.

आणि शनिवार-रविवारी जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी मालकाला बोलायला वेळ असतो. रोपं गाडीच्या डिकीत आडवी घालू नका, एक्स्प्रेस-वेवर खिडकीबाहेर शेंडे काढून तर मुळीच आणू नका.